निवेदन प्राप्त नाही

वित्त विभागात कक्ष अधिकारी म्हणून सदानंद मेहेर यांची एक ख्याती होती. अधिवेशन जवळ आलं की प्रश्नांचे गठ्ठे येत, आणि अवघड प्रश्न आपसूक त्यांच्या टेबलावर येऊन पडत. आमदारांनी कितीही खोचून विचारलेलं असो, मेहेरांनी लिहिलेल्या उत्तरात मंत्री कधी अडकले नाहीत. 'हे अंशतः खरे आहे', 'तपासून पाहण्यात येत आहे', 'प्रश्न उद्भवत नाही' ही वाक्यं सगळेच लिहितात, पण कुठलं वाक्य कुठे बसतं हे मेहेरांना ठाऊक होतं. सत्तावीस वर्षांत त्यांनी लिहिलेलं एकही उत्तर सभागृहात खोटं ठरलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता. ते तो बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या चालण्याबोलण्यात तो दिसायचा.

ते मूळचे अर्नाळ्याचे. नोकरी लागल्यावर लग्न झालं, मग वसईत फ्लॅट घेतला, आणि गावाशी संबंध उरला तो थोरल्या बहिणीपुरता. हंसाताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. गावातच दिलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. बोंबील, करंदी, जवळा सुकवून विकणं हा तिचा जन्माचा धंदा. चार वर्षांपूर्वी तिने एकतीस बायकांचा गट जमवला. बांबूंच्या वलांडीवर सुकवलेली मासळी साफ करून, पाकिटात भरून, मशीनने पाकीट बंद करून त्या शहरातल्या दुकानांना देऊ लागल्या. पाकिटावर गटाचं नाव छापलेलं असे आणि खाली बारीक अक्षरात 'अर्नाळा'.

दीड वर्ष सगळं नीट चाललं. मग दुकानदारांनी जीएसटीचा नंबर मागायला सुरुवात केली. सुकी मासळी उघडी विकली तर तिच्यावर कर नाही, पण पाकिटात बंद करून वर नाव छापलं की कर, असा नियम आला होता. महिन्याच्या महिन्याला विवरणपत्रं भरायला माणूस कुठून आणायचा? एकेक दुकान सुटत गेलं. तेव्हा बायकांनी हंसाताईच्या ओटीवर बसून वित्तमंत्र्यांना पत्र लिहिलं. गटाची सचिव होती उन्नती, बारावी झालेली, तिने ते हाताने लिहून काढलं आणि एकतीस जणींनी खाली सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सदानंद अर्नाळ्याला गेले, तेव्हा ताईने तो कागद त्यांच्या हातात दिला.

"टपालाने पाठवला तर कुठे जाईल ते देवाला ठाऊक," ती म्हणाली. "तू तिथेच बसतोस. तुझ्या हाताने दे."

सदानंदांनी कागद घडी करून खिशात ठेवला. देतो म्हणाले. मात्र एक गोष्ट त्यांनी बजावली: माझं नाव कुठे घेऊ नकोस. नात्यातल्या माणसाचं काम रेटलं असं कोणी म्हटलं तर मला ते बाधेल. तेव्हा त्यांची अवर सचिव म्हणून बढती समोर दिसत होती. ताईने मान हलवली. तिने बायकांना एवढंच सांगितलं की कागद मी दिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी पत्र उघडून वाचलं. कागदाला सुकटीचा वास होता. लिहिलं होतं ते असं:

'साहेब, आमी अर्नाळ्याच्या बायका. उगडी मासळी टोपलीत घेऊन बसलो तर सरकार काय मागत नाय. तीच मासळी सोच्छ करून पाकिटात घातली आनि वर आमचं नाव लिवलं तर कर लागतो. म्हनजे हा नाव लिवन्याचाच कर झाला. आमी जन्मात पहिल्यांदा आमचं नाव कशावर लिवलं साहेब.'

वित्तमंत्री बाई होत्या, तरी बायकांनी 'साहेब'च लिहिलं होतं.

सदानंदांच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे असं आवक शाखेत कसं द्यायचं. तिथला कारकून मोठ्याने वाचून हसेल, शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवेल. न आणि ण यांतला फरक त्यांनी स्वतः कॉलेजात असताना घासून घासून जिभेवर आणला होता. पहिल्या वर्षी वर्गात 'पानी' म्हटल्यावर जो हशा पिकला होता, तो त्यांच्या कानांतून कधी गेला नव्हता. त्यांनी ठरवलं की आपण हे नीट शासकीय मराठीत टाइप करून घ्यावं, ताईची नवी सही आणावी आणि मग नोंदवावं. तोवर पत्र टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं.

तेव्हा अर्थसंकल्पाचं अधिवेशन डोक्यावर होतं. मग मार्चअखेर आली. मग बढतीची यादी लांबली. खण रोज उघडत होता, पत्र दिसत होतं, आणि उद्या करू म्हणून खण बंद होत होता. ताई फोनवर विचारायची तेव्हा ते म्हणत, "वर गेलंय, वेळ लागतो." असं सांगताना आपण खोटं बोलतोय असंही त्यांना वाटत नसे. उद्या ते जाणारच होतं.

जुलैत पावसाळी अधिवेशनाचा तारांकित प्रश्न आला. किनाऱ्यावरच्या एका आमदाराने विचारला होता. अर्नाळा, कळंब आणि राजोडी इथल्या महिला गटांचा सुक्या मासळीचा व्यवसाय पाकिटबंद मालावरच्या करामुळे बंद पडत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत संबंधित महिलांनी वित्तमंत्र्यांना निवेदन दिले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्यावर कोणती कार्यवाही केली?

प्रश्न सदानंदांच्याच टेबलावर आला. त्यांनी आवक नोंदवही मागवली, फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बोट फिरवत पाहिली, आणि उत्तर लिहिलं. एक, हे अंशतः खरे आहे. दोन, असे निवेदन शासनास प्राप्त झाल्याचे अभिलेखावरून आढळून येत नाही. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

अक्षरशः पाहिलं तर यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

वित्तमंत्री संपदाताई देशमाने वाचून येणाऱ्या होत्या. सही करण्याआधी उत्तर वाचायच्या, आणि ज्या दिवशी सभागृहात प्रश्न असेल त्या दिवशी सकाळी अधिकाऱ्यांना बोलावून घ्यायच्या. त्या सकाळी सुक्या मासळीच्या उत्तरावर त्या थांबल्या.

"एवढं नुकसान होतंय आणि या बायकांनी एक ओळसुद्धा लिहून दिली नाही?" त्यांनी विचारलं. "असं होईल का?"

उपसचिवांनी सदानंदांकडे पाहिलं.

"नोंदवहीत नाही, मॅडम," सदानंद म्हणाले.

अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. सदानंद अधिकाऱ्यांच्या गॅलरीत फाइल मांडीवर घेऊन बसले होते. ही जागा त्यांना सवयीची होती. खाली मंत्री बोलतात, आमदार पुरवणी प्रश्न विचारतात, उत्तर जवळ नसलं की मंत्र्यांची चिठ्ठी शिपायाच्या हाताने वर येते, आणि अधिकाऱ्याने त्यावर लिहून ती परत पाठवायची. बऱ्याचदा अर्ध्या मिनिटाचा खेळ असतो.

त्यांचा प्रश्न आठवा होता. संपदाताईंनी छापील उत्तर वाचलं. लगेच तो आमदार उठला आणि म्हणाला की आपण स्वतः अर्नाळ्याला जाऊन आलो आहोत, बायका शपथेवर सांगतात की फेब्रुवारीत एकतीस सह्यांचं पत्र दिलेलं आहे. तेव्हा मंत्रीमहोदया सभागृहाची दिशाभूल करत आहेत काय? मागच्या बाकांवरून आवाज चढले. अध्यक्षांनी शांत केलं. संपदाताईंनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहून शिपायाकडे दिलं.

चिठ्ठी वर आली. तिच्यावर तीनच शब्द होते: 'निवेदन नक्की नाही?'

पुढच्या आयुष्यात सदानंदांनी ते अर्धं मिनिट किती वेळा मनातल्या मनात पुन्हा जगून पाहिलं असेल, त्याची गणती नाही. 'तपासून सांगतो' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मंत्र्यांनी सभागृहाला तसं सांगितलं असतं, उत्तर राखून ठेवलं गेलं असतं, दुपारी खणातलं पत्र काढून नोंदवता आलं असतं. ओरडा बसला असता, बढती गेली असती. त्यापलीकडे काही झालं नसतं. हे सगळं त्यांना तेव्हाही समजत होतं, असं ते पुढे बायकोला म्हणाले. पण शेजारी उपसचिव चिठ्ठीत डोकावून पाहत होते, शिपाई हात पुढे करून उभा होता. सदानंदांनी लिहिलं, 'नाही.'

संपदाताईंनी चिठ्ठी वाचली आणि उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदय," त्या म्हणाल्या, "मी आत्ता पुन्हा खात्री करून घेतली आहे. असं निवेदन आलेलं नाही. मला याचं वाईट वाटतं. पुढच्या महिन्यात मी हे दर ठरवणाऱ्या कर परिषदेच्या बैठकीला जाणार आहे. या बहिणींचा एक कागद माझ्या हातात असता, तर तो मी तिथे टेबलावर ठेवला असता. सन्माननीय सदस्यांकडे त्याची पोच असेल तर त्यांनी ती आणून द्यावी."

आमदाराकडे पोच नव्हती. तो खाली बसला. नववा प्रश्न पुकारला गेला.

गॅलरीतून बाहेर पडताना उपसचिवांनी सदानंदांच्या पाठीवर थाप मारली.

मासेमारी बंदीचे ते दिवस. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, बायका घरी. आमदाराच्या माणसाने आधी कळवल्यामुळे गटातल्या बऱ्याच जणी मोबाइलवर सभागृहाचं कामकाज पाहत बसल्या होत्या. दुपारी ताईचा फोन आला. सदानंदांनी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा आला तेव्हा उचलला आणि सांगितलं की कागद कुठेतरी अडकलेला दिसतो, मी शोधतो, तोवर तुम्ही नवीन लिहून द्या. ताई म्हणाली, बघते.

नवीन पत्र आलं नाही. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्या, परिषदेची बैठकही झाली. सुक्या मासळीचा विषय कोणी काढला नाही. सदानंदांची बढती झाली. ताईचे फोन येईनासे झाले, आणि ते स्वतःहून करायला धजेनात.

दसऱ्यानंतर मीरेनेच, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना अर्नाळ्याला पिटाळलं. बस थांब्यावर उतरले तर तिथे उन्नती भेटली. सदानंद हे हंसाताईंचे भाऊ एवढं तिला माहीत होतं, सरकारी नोकरीत आहेत हेही माहीत होतं, पण पत्राशी त्यांचा संबंध तिला ठाऊक नव्हता. गट कसा चाललाय असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की गट आता नाही. पाकिटं बंद करायचं मशीन नालासोपाऱ्याच्या एका पापडवाल्याला विकून टाकलं.

"वाईट वाटून घेऊ नका काका," ती म्हणाली, "पन तुमच्या बहिनीनं आम्हाला फसवलं. कागद दिलाच नाही आनि दिला म्हनून सांगितलं. मंत्रीबाई स्वतः बोलल्या, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पुन्हा सह्या मागायला आल्या तेव्हा एकीनंपन केली नाही."

सदानंद थांब्याच्या बाकावर बसले. उन्नतीने विचारलं, पाणी आणू का? ते नको म्हणाले.

ताई घराच्या मागे एकटीच जवळा पसरत होती. पूर्वी तिथे दहा-बारा जणींचा गलका असायचा. तिने भावाकडे पाहिलं, चटई झटकून दिली आणि पुन्हा कामाला लागली. सदानंदांनी तिला सगळं सांगितलं. खण सांगितला, चिठ्ठी सांगितली. ती हात न थांबवता ऐकत होती.

"तू त्यांना माझं नाव का नाही सांगितलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तूच नको म्हन्लास ना," ताई म्हणाली.

मग तिने विचारलं, "तुला द्यायचा नव्हता तर परत का नाही दिलास? मी टपालात टाकला असता."

सदानंद तिथेच बसून राहिले. जवळा पसरून झाल्यावर ताई आत गेली आणि चहा घेऊन आली, कारण आलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो.

घरी आल्यावर मीरेने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, रडली नाही. उद्याच्या उद्या लिहून द्या, एवढंच म्हणाली. सदानंदांना लिहायला नऊ दिवस लागले. निवेदन फेब्रुवारीतच आपल्या हाती आलं होतं, आपण ते नोंदवलं नाही, आणि सभागृहात चिठ्ठीवर चुकीची माहिती दिली, अशी टिपणी त्यांनी सहीनिशी वर पाठवली. सोबत मूळ पत्र जोडलं.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात संपदाताईंनी त्यांना बोलावून घेतलं. खोलीत त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. टेबलावर टिपणी होती आणि ते पत्र.

"तुम्ही एक शब्द लिहिलात," त्या म्हणाल्या. "तो मी माझा म्हणून सभागृहात बोलले."

"हो, मॅडम."

"नात्याचा आरोप होईल म्हणून?"

सदानंदांना हो म्हणता आलं असतं. ते कारणही खोटं नव्हतं. पण ते म्हणाले, "मला त्या भाषेची लाज वाटली, मॅडम. नीट लिहून मग देऊ असं म्हणत राहिलो."

संपदाताईंनी पत्र हातात घेतलं आणि सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सह्यांसकट वाचलं. मग खाली ठेवलं.

"मला यातलं सगळं कळलं," त्या म्हणाल्या. "एकही शब्द बदलायची गरज नव्हती."

दोन दिवसांनी त्यांनी सभागृहात उत्तरातल्या दुरुस्तीचं निवेदन केलं. निवेदन प्राप्त झालेलं होतं, विभागाच्या चुकीमुळे माहिती देता आली नाही, त्याबद्दल मी सभागृहाची दिलगिरी व्यक्त करते. सदानंदांचं नाव त्यांनी घेतलं नाही. जेमतेम मिनिटभर लागलं. त्या वेळी सभागृह अर्धं रिकामं होतं, आणि तो आमदार त्या दिवशी आलाच नव्हता. विषय कर परिषदेच्या पुढच्या बैठकीत मांडीन असंही त्या म्हणाल्या होत्या, पण त्याआधीच मंत्रिमंडळात फेरबदल झाला आणि त्यांच्याकडे दुसरं खातं गेलं. नव्या मंत्र्यांपुढे फाइल गेली की नाही, हे विचारण्याचा अधिकार सदानंदांना उरला नव्हता. चौकशी होऊन त्यांची बढती काढून घेतली होती आणि त्यांना दुसऱ्या विभागात पाठवलं होतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. उलट, कमीच झालं असं वाटलं.

जानेवारीत ते अर्नाळ्याच्या समाजमंदिरात गेले आणि जमलेल्या बायकांसमोर उभे राहून बोलले. अठरा जणी आल्या होत्या. कागद माझ्याकडे होता, ताईने दिला होता, तिने तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं. बोलताना ते आपल्या लहानपणच्या बोलीत बोलायला गेले, पण ती जिभेवर येईना, अडखळायला झालं, म्हणून पुन्हा ऑफिसातल्या मराठीवर आले. कोणी काही टाकून बोललं नाही. एका म्हातारीने मात्र विचारलं की आता कर गेला का? नाही, ते म्हणाले. मग ती उठून घरी गेली.

उन्नती त्याच दुपारी हंसाताईच्या पाया पडून आली. गट पुन्हा उभा करू, तुम्हीच अध्यक्ष व्हा, असं दोघीतिघी म्हणाल्या. ताई नको म्हणाली. माझं वय झालं, तुम्ही करा, मी मासळी निवडून देईन. तिचा राग दिसत नव्हता. पण गावात सहा महिने ज्या तोंडांनी तिला खोटारडी म्हटलं, त्यांच्यापुढे अध्यक्ष म्हणून बसायची तिची इच्छा मेली होती, आणि ती काही भावाच्या एका भाषणाने जिवंत होणार नव्हती.

सदानंद गेल्या मेमध्ये निवृत्त झाले. आता ते महिन्यातून एकदा तरी अर्नाळ्याला जातात. ताई त्यांना जेवायला वाढते, मुलाच्या बोटीचं सांगते, गुडघ्याचं सांगते. ते ऐकतात. जेवून झालं की दोघं ओटीवर बसतात आणि समोरून जाणारी येणारी माणसं बघतात. कधी सदानंद बोलायला तोंड उघडतात, तेव्हा ताई आधीच म्हणते, "बस चारला हाय. निघ आता, नायतर उभं राहून जावं लागंल." मग ते उठतात.